भरून यायला लागतो तेवढा वेळ

 

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५.

ध्यानयोगाचा हा अध्याय. मनाला आत कसं वळवायचं, हे भगवंत अर्जुनाला सांगतायत. या श्लोकाचा भावार्थ अगदी साधा आहे. बुद्धीला धीराचा आधार द्यावा, तिच्या मदतीने मनाला हळूहळू शांत करत आणावं, आणि ते आत्म्यात स्थिरावलं की मग दुसऱ्या कशाचा विचार करू नये.

या श्लोकात एका शब्दापाशी मी दर वेळी थांबते. 'हळूहळू' या अर्थाचा शब्द भगवंतांनी इथे लागोपाठ दोनदा उच्चारलाय. आता हे कुठे बोलणं चाललंय ते आठवा. कुरुक्षेत्र आहे. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी आहेत, शंख वाजून झालेत. ज्या जागी कुणाकडेच वेळ नाही, तिथे भगवंत सांगतायत, सावकाश. आणि एकदा सांगून भागत नाही म्हणून पुन्हा सांगतायत, सावकाश.

आपण हा श्लोक बहुतेक वेळा ध्यानापुरता वाचतो. पण 'हळूहळू' म्हणजे नक्की किती हळू, हे आपल्याला सगळ्यात स्पष्ट शिकवतो तो आपला देह. म्हणून आज हा श्लोक देहाजवळ बसून वाचूया. तुमच्यापैकी कुणी सध्या पायाला प्लास्टर घालून घरी असेल, कुणी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओच्या फेऱ्या मारत असेल. आजचं लिखाण आधी त्यांच्यासाठी.

देहाचं वेळापत्रक

भाजी चिरताना बोट कापलं, तर रक्त काही मिनिटांत थांबतं. मग दोन-चार दिवस तिथे लाली, सूज, ठणका. आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. खरं तर तेव्हा आत साफसफाई चालू असते. पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेल्या पेशी उचलून नेत असतात. ते झालं की नवी बांधणी सुरू होते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजनचे धागे विणले जातात. हे काम काही आठवडे चालतं. आणि शेवटचा टप्पा सगळ्यात लांब असतो. घाईघाईत कसेही टाकलेले ते धागे पुन्हा नीट रचले जातात. याला कित्येक महिने लागतात, कधी वर्ष, कधी त्याहूनही जास्त. सफाई, बांधणी, फेररचना. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण यातला एकही गाळून पुढे जाता येत नाही.

टप्पे सगळीकडे साधारण असेच, पण प्रत्येक अवयवाची चाल वेगळी.

डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरचा बारीक ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरतो. जेवताना गाल चावला गेला, तर आठवडाभरात आपण विसरूनही जातो. चालून चालून तळपायाला आलेला फोड साधारण आठवड्यात सुकतो. चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढतात, पण गुडघ्यासारख्या सतत वाकणाऱ्या जागेवरचे दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात. स्नायू थोडा ताणला असेल तर एक ते तीन आठवडे, बराच फाटला असेल तर दोन-तीन महिने. हाताच्या बोटाचं हाड तीन-चार आठवड्यांत जुळतं, मनगटाला सहा आठवडे लागतात आणि नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्तच. घोटा हलका मुरगळला तर दोन ते चार आठवडे, पण तिथला लिगामेंट पूर्ण फाटला तर तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत.

आणि नस? तुटलेली नस नीट जोडली, तर तिचा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. महिन्याला जेमतेम एक इंच. कोपराजवळ नस कापली गेली असेल, तर बोटाच्या टोकापर्यंत पोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो. विचार करा, आपल्या प्रत्येकाच्या हातात असा एक प्रवासी आहे, जो गरज पडली तर रोज एक मिलिमीटर चालेल आणि तक्रार करणार नाही!

ही सगळी साधारण मापं आहेत हं. वय, आहार, मधुमेह, तंबाखू, जखमेची खोली, यांनी आकडा बदलतो. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील, हे चिंतन नाही.

पण हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. मुख्य कारण रक्त. जिथे रक्ताचा पुरवठा चांगला, तिथे दुरुस्तीचं सामान लवकर पोचतं. हमरस्त्यावरच्या गावाला सगळं वेळेवर मिळतं, आडवळणाच्या गावाला एसटीची वाट बघावी लागते, तसंच हे. तोंडात रक्त भरपूर, म्हणून तिथली जखम चटकन भरते. लिगामेंट आणि टेंडन यांना रक्त कमी, म्हणून ते रेंगाळतात. सांध्यातल्या कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती झिजली की जवळजवळ भरतच नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात एक छोटंसं हाड आहे. त्याला रक्त मुख्यतः एकाच टोकाकडून मिळतं, म्हणून ते मोडलं तर एवढासा तुकडा जुळायलाही अनेकदा दोन-तीन महिने घेतो. म्हणजे तो अवयव आळशी नाही की हट्टी नाही. त्याच्यापर्यंत पोचणारी वाट अरुंद आहे, एवढंच.

मला वाटतं, माणसांबद्दलही हे लक्षात ठेवायला हवं. कुणी एका महिन्यात सावरतं, कुणाला दोन वर्षं लागतात. मनाच्या जखमेचा तर एक्स-रेही निघत नाही. "अजून त्यातून बाहेर नाही आलास?" असं विचारण्याआधी त्याच्यापर्यंत किती ओलावा पोचतोय, हे बघावं.

दुखणं थांबलं म्हणजे भरलं, असं नाही

माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगावचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. परतीच्या वाटेवर ती खामगावला मुक्कामाला असते आणि मग खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा, साधारण १७ किलोमीटरचा, आसपासची सगळी पंचक्रोशी पालखीसोबत चालते. आमच्याकडे हे चालणं म्हणजे वर्षाचा सण. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुलं सुट्टी काढून त्या एका दिवसासाठी येतात.

माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे. दोन वर्षांपूर्वी बॉक्स क्रिकेट खेळताना त्याच्या गुडघ्यातला एसीएल फाटला. हा लिगामेंट सांध्याच्या आतल्या द्रवात असतो, तिथे रक्ताची नीट गुठळी टिकत नाही, त्यामुळे तो पूर्ण फाटला की आपोआप क्वचितच जुळतो. याचं ऑपरेशन झालं, मांडीचाच एक टेंडन घेऊन नवा लिगामेंट बसवला. त्याने व्यायाम मनापासून केला. पालखी खामगावला यायच्या वेळी ऑपरेशनला जेमतेम तीन महिने होत आले होते. आणि हा म्हणाला, "ताई, आता दुखत नाहीये. मी चालणार. सात वर्षांत एकदाही चुकलं नाही माझं."

फिजिओने नाही सांगितलं होतं. सपाट रस्त्यावर थोडं चालणं वेगळं, आणि पावसात, चिखलात, गर्दीचे धक्के खात १७ किलोमीटर चालणं वेगळं. पण घरात मतं दोन झाली. मावशीचं म्हणणं, महाराजांच्या पालखीत कुणाला काही होत नाही, श्रद्धा असली की झालं. आणि तिने लगेच दाखला दिला तो दासगणू महाराजांच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायातला. मंदिराच्या बांधकामावरचा मजूर उंचावरून खाली पडतो आणि त्याला इजा होत नाही, ती कथा.

ती कथा मलाही प्रिय आहे. पण मी मावशीला एवढंच म्हणाले, की मावशी, तो मजूर पडला तेव्हा काम करत होता. महाराज झेलतात की नाही ते बघू, म्हणून त्याने उडी मारली नव्हती. कृपा ही आपल्यावर होते. आपण तिची परीक्षा घ्यायला निघालो, की ती श्रद्धा राहत नाही, ती अट होते. "मी चालतो, तू सांभाळ" ही प्रार्थना वाटते खरी, पण तिच्यात देवाला दिलेली ऑर्डर लपलेली असते.

आणि यात शरीराचा एक असा नियम आहे जो त्याला माहीत नव्हता. तो त्याला फिजिओनेच समजावून सांगितला. नवा लिगामेंट बसवल्यावर त्याची ताकद सरळ वाढत जात नाही. आधी ती कमी होते. देह त्या नव्या धाग्याला आपलंसं करताना जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि या सगळ्या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात कमकुवत असतो. नेमकी हीच वेळ, जेव्हा सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, आणि माणसाला वाटतं की मी बरा झालो! म्हणून उड्या-पळापळीच्या खेळात परतायला निदान नऊ महिने थांबा, असं आता सांगतात.

वेदना गेली, म्हणजे काम संपलं असं नाही. आतलं काम अजून अर्ध्यावरही नसतं.

साधनेतही हेच होतं की नाही बघा. पहिल्या महिन्यात पहाटे उठणं जड जातं, चिडचिड होते. मग ते सोपं वाटायला लागतं. आणि तेव्हाच आपण म्हणतो, झालं, आता जमलं, एखाद्या दिवशी चुकलं तरी चालेल. सवय तेव्हा सगळ्यात नाजूक असते. दिसायला घट्ट, आतून ओली. म्हणून भगवंत 'हळूहळू'च्या जोडीला धीर ठेवतात. नुसता वेळ जाऊन उपयोग नाही, त्या वेळात बुद्धी धीराने धरून ठेवावी लागते.

सहा-सात महिने, आणि तेही आदराने

तुम्ही म्हणाल, ही सगळी आजच्या डॉक्टरांची भाषा, शास्त्रात कुठे आहे? आहे. आपल्याकडे जखमेकडे फार बारकाईने पाहिलं गेलंय. सुश्रुतसंहितेत जखमेसाठी ६० उपक्रम सांगितलेत. 'व्रण' या शब्दाचा अर्थ सांगताना सुश्रुताचार्य म्हणतात की जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही. आजचं मोजमापही त्याच्या जवळच जातं. कापलेली त्वचा तीन महिन्यांनी मूळ ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि पुढे कितीही वर्षं गेली तरी पूर्ण १०० होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते वाग्भटाचार्यांचं. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात ते शस्त्रक्रियेनंतरचं पथ्य सांगतात. जखम भरून आली तरीसुद्धा ती पक्की होईपर्यंत अपचन, व्यायाम, अति हर्ष, क्रोध, भय या गोष्टी टाळा, असं ते म्हणतात. किती दिवस? सहा किंवा सात महिने. आणि हे पथ्य कसं पाळायचं, त्यासाठी त्यांनी शब्द वापरलाय तो 'आदराने'.

आदराने! कंटाळत नाही, मोजत नाही, "कधी एकदा सुटतो" असं म्हणत नाही. घरात पाहुणा आला की त्याच्या सोयीने आपण आपली वेळ बदलतो ना, तसं. भरून येणारा अवयव हा आपल्या घरी आलेला पाहुणा समजावा. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर त्याचं बघायचं.

माझ्या भावाने त्या वर्षी काय केलं? तो खामगावला आला. पालखीच्या दिवशी शेगाव रस्त्यावर गावातल्या पोरांनी पाणी आणि केळी वाटायचा मांडव घातला होता. तिथे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून, सकाळपासून तो पाण्याचे ग्लास भरून देत बसला. मला त्याने नंतर सांगितलं की पहिला तासभर त्याला फक्त चालणाऱ्यांचे पाय दिसत होते आणि हेवा वाटत होता. मग कुणीतरी म्हातारं माणूस त्याच्याजवळ टेकलं, चपला काढल्या आणि फोड आलेले तळवे दाखवून म्हणालं, "पाणी दे रे बाप्पा, मंग जातो." त्यानंतर दिवस कसा गेला ते कळलं नाही, म्हणे.

गेल्या वर्षी तो चालला. पूर्ण १७ किलोमीटर. पण मला विचाराल, तर त्याची खरी वारी आदल्या वर्षीची.

हळूहळू म्हणजे नुसतं पडून राहणं नाही

इथे एक गैरसमज व्हायला नको. 'सावकाश' ऐकलं की आपल्याला वाटतं, काही करायचं नाही, आपोआप होईल. तसं नसतं.

आमची आजी अंगणात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. येणारी प्रत्येक बाई विचारायची, अजून किती दिवस? आजी डाव्या हातात माळ घेऊन बसलेली असायची. ती म्हणायची, "हाडाले कायची घाई हाये बाई? मी त्याच्या मांगं लागली तं ते काय लवकर जुडीन?"

पण प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता आणि मूठ मिटत नव्हती. आता मात्र आजी मागे लागली! फिजिओने दाखवलेले व्यायाम दिवसातून चार वेळा. कणकेचा छोटा गोळा घ्यायचा, दाबायचा, सोडायचा, दर वेळी एक नाम. दुखायचं. ती तोंड वाकडं करायची आणि पुढचं नाम घ्यायची. पुन्हा भाकरी थापायला तिला आणखी तीन महिने लागले. पहिली भाकरी वाकडीतिकडी झाली, ती तिने स्वतःच खाल्ली, कुणाला दिली नाही.

यालाही शरीराचा आधार आहे. त्वचेसारखं हाड खुणेने भरत नाही, ते पुन्हा हाडच होतं. आणि त्याची फेररचना कुठल्या दिशेने होते? ज्या दिशेने त्याच्यावर योग्य तेवढा भार येतो, त्या दिशेने. अजिबात भार नाही दिला, तर हाड ठिसूळ होतं. वेळेआधी जास्त दिला, तर सांधा हलतो. म्हणजे थांबायची वेळ आली की थांबायचं, आणि हलवायची वेळ आली की दुखलं तरी हलवायचं. याच अध्यायात पुढे अर्जुन म्हणतो, मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. अवघड आहे, म्हणतात, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं. आजीचं प्लास्टरमधलं बसणं हे वैराग्य आणि कणकेचा गोळा हा अभ्यास. दोन्ही लागतात.

आणि त्याच्याही आधी, १६ आणि १७ व्या श्लोकांत, भगवंत आहार-विहार आणि झोप-जाग यांचा मेळ राखायला सांगतात. असा मेळ राखणाऱ्याचा योग दुःख दूर करतो, असं म्हणतात. जखमेला हेच हवं असतं. पुरेशी प्रथिनं, पुरेशी झोप, तंबाखू-सिगारेट बंद. उपवासाचे दिवस असतील तर डॉक्टरांना विचारून करा. ऑपरेशननंतर दोन वेळचं वरण, दूध-दही, चालत असेल तर अंडी, हे त्या दिवसांतलं व्रतच आहे.

आणि जे भरत नाही?

आतापर्यंत मी सोपं सोपं सांगितलं. पण तुमच्यापैकी काहीजण मनात म्हणत असतील, माझं भरणारच नाही, त्याचं काय? मज्जारज्जूला गंभीर मार लागला तर तो बोटासारखा भरून येत नाही. हृदयाच्या झटक्यात मेलेला स्नायू परत तयार होत नाही, तिथे खूण राहते. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. यांच्यासमोर "धीर धर, सगळं ठीक होईल" म्हणणं हे खोटं बोलणं आहे, आणि खोट्यावर श्रद्धा उभी राहत नाही.

इथे मला आमच्याच जिल्ह्यातले संत आठवतात. चोखोबा. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. आयुष्यभर त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. शेगावच्या कथेतला मजूर वाचला. मंगळवेढ्याचा मजूर वाचला नाही. आणि तो साक्षात चोखोबा होता. कमी भक्ती म्हणून संकट येतं, असं कुणी तुम्हाला ऐकवलं, तर त्यांना फक्त हे नाव सांगा.

परंपरा सांगते, नामदेव महाराज मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडं होती. चोखोबांची कुठली? तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती. ती त्यांनी पंढरपूरला आणली, आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली. आजही नामदेव पायरीशी गेलं की समोर ती दिसते.

नाम हाडापर्यंत पोचलं होतं. एका दिवसात पोचलं नसणार. आपला हाडांचा सांगाडा सतत झिजतो आणि पुन्हा बांधला जातो, आणि मोठ्या माणसात तो जवळजवळ सगळा नवा व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे चोखोबांची हाडं त्यांच्या हयातीत कित्येकदा नवी झाली असतील, आणि प्रत्येक वेळी नामातच बांधली गेली असतील. हळूहळू, हळूहळू.

आणि हेही सांगायलाच हवं, की चोखोबांचा धीर म्हणजे मुकाट सोसणं नव्हतं. आपल्याला दूर का ठेवलं, हे त्यांनी देवालाच विचारलंय, आणि चांगलं खडसावून विचारलंय. धीर धरायचा तो जखम भरायला. जखम करणाऱ्याला मोकळं सोडायला नाही.

मग जे भरणारच नाही, त्यासाठी हा श्लोक काय देतो? मला जे समजलं ते असं. श्लोकात 'हळूहळू पूर्ववत हो' असं म्हटलेलं नाही. 'हळूहळू स्थिर हो' असं म्हटलंय. पूर्ववत होणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. गुडघ्याला येत नाही, काळजाला येत नाही, त्वचेलासुद्धा ८० टक्क्यांच्या पुढे येत नाही. पण मन स्थिर होणं मात्र कुठल्याच अवयवावर अवलंबून नाही. चाकाच्या खुर्चीतून होतं, अंथरुणातून होतं. आणि त्यालाही जो वेळ लागतो तो लागतोच. तिथेही स्वतःच्या मागे लागायचं नाही.

आजचा नेम

आज झोपण्याआधी पाच मिनिटं बसा. आपल्यातलं जे अजून भरतंय, ते शरीरातलं असो वा मनातलं, त्याच्यावर अलगद हात ठेवा. "कधी होणार?" हा प्रश्न आजच्या दिवसापुरता विचारू नका. त्याऐवजी एवढंच म्हणा, "तुला लागेल तेवढा वेळ घे, मी आहे." मग अकरा वेळा नाम.

आणि घरात कुणी दुखणाईत असेल, तर उद्या त्यांना किती दिवस राहिले हे विचारू नका. त्यांच्याजवळ बसून एक कप चहा प्या.

उद्या याच अध्यायातला २६ वा श्लोक घेऊया. मन पुन्हा पुन्हा पळतं, आणि त्याला पुन्हा पुन्हा परत आणायचं, त्याबद्दल.

जय गजानन. राम कृष्ण हरी.